शनिवारची सात गीते

अमेरिकेत नभोवाणीचा प्रसार होऊ लागला, तेव्हा तिचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नाचे उत्तर त्या देशाने इंग्लंडहून अगदी निराळे दिले. इंग्लंडात प्रत्येक श्रोत्याने परवान्याचे शुल्क भरावे आणि त्या रकमेतून बी.बी.सी.ने आपला कारभार चालवावा, अशी तजवीज होती. अमेरिकेत श्रोत्याकडून छदामही न घेता तो सारा बोजा व्यापाऱ्यांनी उचलला, आणि ज्यांनी बोजा उचलला त्यांच्या हाती कार्यक्रमाची मुखत्यारीही आपोआप गेली. एकाच कार्यक्रमाच्या ओघात दहा निरनिराळ्या मालांच्या जाहिराती पाहण्याची सवय झालेल्या आजच्या प्रेक्षकाला त्या काळची रीत विलक्षण वाटेल. कारण तेव्हाची मोठी कंपनी जाहिरातीपुरते एखादे मिनिट विकत घेत नसे, तर अख्खा अर्धा तास किंवा तास आपल्या नावे करून घेई. तिची जाहिरातसंस्था गायक निवडी, वाद्यवृंद नेमी, निवेदकाच्या तोंडचे शब्द लिहवून घेई. आणि प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेकडे बहुधा ध्वनिगृह आणि तारांचे जाळे पुरवण्याइतकेच काम उरे. कार्यक्रमांची नावेदेखील या मालकीची साक्ष देत. 'क्राफ्ट म्यूझिक हॉल' चीजवाल्यांचा, 'टेक्साको स्टार थिएटर' पेट्रोलवाल्यांचा, 'व्हॉइस ऑफ फायरस्टोन' टायरवाल्यांचा आणि 'बेल टेलिफोन अवर' दूरध्वनी कंपनीचा. या मांदियाळीत एक कार्यक्रम असा होता की ज्याच्या नावात मालाचा उल्लेख नव्हता, उलट श्रोत्यालाच उद्देशून 'तुमची' म्हणणारे संबोधन होते. आणि तरीही प्रायोजकाची पकड त्याच्याइतकी घट्ट क्वचितच दुसऱ्या कशावर असेल. तो कार्यक्रम म्हणजे 'युअर हिट परेड'. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी मिळून तो चोवीस वर्षे चालला. गाण्याला आश्रय देणारा धनी गाण्याचे काय करतो, हे समजून घेण्यासाठी त्याच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

धनी आणि त्याचा माल

या कार्यक्रमाचा धनी होती अमेरिकन टोबॅको कंपनी आणि तिचा माल होता 'लकी स्ट्राइक' सिगारेट. कंपनीची सूत्रे १९२५ पासून जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांच्या हाती होती. एकच वाक्य पुनःपुन्हा कानांवर आदळत राहिले की ते ग्राहकाच्या मनात कायमचे घर करते, या सिद्धान्तावर त्यांची अढळ श्रद्धा होती, आणि ही श्रद्धा त्यांनी जाहिरातीपुरती न ठेवता संगीतालाही लागू केली. लोकांना ओळखीचे सूर ऐकायला आवडतात, तेव्हा नावीन्याच्या नादी न लागता जे आधीच लोकप्रिय आहे तेच द्यावे. आणि तेही असे जलद, ठसठशीत लयीत द्यावे की ऐकणाऱ्याला नाचता यावे, असा त्यांचा हुकूम असे. २० एप्रिल १९३५ रोजी, शनिवारी, एन.बी.सी.वरून 'युअर हिट परेड'चा पहिला कार्यक्रम झाला. त्या आठवड्यात देशाला सर्वाधिक आवडलेली गीते क्रमवारीने सादर करायची आणि पहिल्या क्रमांकाचे गीत अखेरपर्यंत राखून ठेवायचे, ही त्याची मूळ कल्पना होती. ती इतकी साधी आणि इतकी परिणामकारक होती की पुढे जगभरच्या असंख्य कार्यक्रमांनी ती जशीच्या तशी उचलली.

क्रमवारी ठरवण्याची पद्धत मात्र कधीच पूर्णपणे उघड करण्यात आली नाही. गीतांच्या स्वरलिपीच्या छापील प्रतींचा खप, ध्वनिमुद्रिकांची विक्री, नभोवाणीवर आणि नाणे टाकून वाजवायच्या यंत्रांवर ते गीत किती वेळा वाजले, या सर्वांचा हिशेब केला जातो, असे श्रोत्यांना सांगण्यात येई. परंतु कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे हे जाहिरातसंस्थेच्या दप्तरातच कुलूपबंद राही. म्हणजे मत जनतेचे, पण मतमोजणी धन्याच्या नेमणुकीतल्या माणसांकडे, असा हा मामला होता. त्या मोजणीला बाहेरच्या व्यवहाराच्या मर्यादाही पडत. गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी 'ॲस्कॅप' ही संस्था आणि नभोवाणी संस्था यांच्यात मोबदल्यावरून तंटा जुंपला, तेव्हा १९४१ सालचे कित्येक महिने ॲस्कॅपच्या ताब्यातली गीते मोठ्या जाळ्यांवरून वाजेनाशी झाली. त्यामुळे देशातील बहुतेक नामवंत रचनाकारांची गीते लोकांच्या ओठांवर असूनही लोकांच्या म्हणवल्या जाणाऱ्या यादीत दिसेनात, आणि त्यांच्या जागी दक्षिण अमेरिकी चालींची किंवा हक्कांची मुदत संपून गेलेली जुनी गीते ऐकू येऊ लागली. जनतेची पसंती म्हणून जे सांगितले जाते ते तिच्यापुढे जे ठेवले गेले त्यातूनच निवडलेले असते, हा धडा त्या वर्षाने ढळढळीतपणे दिला.

दोन गीतांच्या मधे काय होत असे, तेही पाहण्यासारखे आहे. वाद्यवृंदाचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच एक विलक्षण आवाज सुरू होई. दक्षिणेकडील राज्यांत तंबाखूच्या ढिगांचा लिलाव पुकारणारे जे व्यावसायिक असत, त्यांची पुकारण्याची ढब म्हणजे जवळजवळ गायनच होते: आकडे इतक्या वेगाने एकमेकांत मिसळलेले की शब्द कळू नयेत, केवळ लय कळावी. नॉर्थ कॅरोलायनातील गोल्ड्सबरोचे एल. ए. 'स्पीड' रिग्ज आणि केंटकीतील लेक्सिंग्टनचे एफ. ई. बून या दोन खऱ्याखुऱ्या लिलाव पुकारणाऱ्यांना कंपनीने या कामी आणले होते. त्यांची ती धबधब्यासारखी कोसळणारी आरोळी अखेर, माल अमेरिकन कंपनीला विकला गेला, या अर्थाच्या दोन शब्दांवर येऊन थांबे. गीते दर आठवड्याला बदलत, गायक-गायिका काही वर्षांनी बदलत, पण ही आरोळी बदलत नसे; आणि म्हणून, श्रोत्यांच्या पिढीच्या आठवणीत त्या काळातील उत्तमोत्तम प्रेमगीतांच्या शेजारी तंबाखूचा लिलावही जाऊन बसला. १९४३ साली फ्रँक सिनात्रा यांच्यासारखा तरुण गायक या कार्यक्रमात दाखल झाला आणि त्याच्या नावाने किशोरींची गर्दी उसळू लागली, तरी कार्यक्रमाच्या दृष्टीने तोही त्या आठवड्याच्या यादीतील गीते म्हणून दाखवणारा एक नोकरच होता.

गीत डोळ्यांपुढे उभे करणे

हिल १९४६ साली निवर्तले. कार्यक्रम मात्र थांबला नाही. १९५० च्या उन्हाळ्यात दूरचित्रवाणीवर त्याचे काही प्रयोग करून पाहण्यात आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून शनिवारी रात्री साडेदहाला तो एन.बी.सी.वर नियमित दिसू लागला. आता एक नवीच अडचण उभी राहिली. नभोवाणीवर गीत म्हटले की काम भागे. दूरचित्रवाणीवर तेवढाच वेळ डोळ्यांना काय द्यायचे? गायकाला पडद्यापुढे नुसते उभे करण्याऐवजी प्रत्येक गीताला एक छोटासा नाट्यप्रवेश करायचा, असा तोडगा निर्मात्यांनी काढला. गीतातील शब्दांतून एखादी गोष्ट शोधायची, तिच्यासाठी नेपथ्य उभारायचे, पात्रांना वेशभूषा द्यायची, नर्तक-नर्तिकांचा ताफा आणायचा, आणि अडीच-तीन मिनिटांत तो प्रवेश संपवून पुढच्या गीताकडे वळायचे. हे सर्व थेट प्रक्षेपणात होई. म्हणजे एका कोपऱ्यात गीत चालू असताना दुसऱ्या कोपऱ्यात पुढचे नेपथ्य मुकाट्याने जोडले जाई, आणि पडद्यावर सिगारेटींच्या कांड्या शिस्तीत कवायत करीत नाचत असताना गायिका धावतपळत पोशाख बदलून आपल्या खुणेच्या जागी येऊन उभी राही.

साधारणपणे क्रमवारीतील सात गीते आणि जोडीला 'लकी स्ट्राइक एक्स्ट्रा' नावाने दोनतीन जुनी, अवीट गीते, असा अर्ध्या तासाचा जाबता होता. यादी दर आठवड्याची असल्यामुळे तयारीला उसंत नसे. परंतु खरी कसोटी लागे ती गीत यादीत ठाण मांडून बसले म्हणजे. १९५१ साली 'टू यंग' हे गीत बारा वेळा पहिल्या क्रमांकावर राहिले. कोवळ्या वयातील प्रेमाला वडीलधारी माणसे खोटे ठरवतात, पण ते प्रेम टिकेल, एवढाच त्याचा आशय. हा आशय बारा वेळा, प्रत्येक वेळी नव्या प्रसंगातून, नव्या पोशाखांत आणि नव्या नृत्यातून, त्याच प्रेक्षकांना कंटाळा येऊ न देता दाखवायचा, हे काम किती अवघड असेल याची कल्पना ज्याने रंगभूमीची थोडीफार उस्तवार केली आहे त्याला सहज येईल. टोनी चार्मोली यांच्यासारख्या नृत्यदिग्दर्शकांनी वर्षानुवर्षे हा भार वाहिला. पुढे कित्येक दशकांनंतर गीतांची छोटी चित्रपटरूपे दाखवणाऱ्या वाहिन्या निघाल्या, तेव्हा ज्या कल्पना अगदी नव्या म्हणून मिरवल्या गेल्या त्यांतल्या कितीतरी या शनिवार रात्रीच्या धांदलीत आधीच आजमावून झाल्या होत्या, हे या कलावंतांच्या बाबतीत कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

डोरथी कॉलिन्स, आयलीन विल्सन, स्नुकी लॅन्सन, रसेल आर्म्स आणि पुढे जिझेल मॅकेन्झी ही गायक-गायिकांची मंडळी घरोघरी आप्तांसारखी ओळखीची झाली. त्यांतील कॉलिन्स यांची कथा प्रायोजकाच्या सत्तेवर चांगला प्रकाश टाकते. बंद गळ्याचा, मानेशी टाय बांधलेला पोशाख करून लकी स्ट्राइकच्या वर्तुळाकार चिन्हाच्या मधोमध उभ्या राहून त्या जाहिरातीचे गीत म्हणत, आणि त्या चिन्हाशी त्यांचा चेहरा इतका एकजीव झाला की गायिका कोठे संपते आणि जाहिरात कोठे सुरू होते हे सांगणे अशक्य व्हावे. त्यांचे पती रेमंड स्कॉट यांच्याकडे १९४९ पासून वाद्यवृंदाची सूत्रे होती. स्कॉट यांचे ज्येष्ठ बंधू मार्क वॉर्नो यांच्या निधनानंतर ती त्यांच्याकडे आली. स्कॉट यांचे चित्त या यादीत नव्हते, ते होते विद्युत्‌वाद्यांच्या शोधात. लोकप्रिय गीतांची ठरावीक साचेबंद मांडणी करून मिळालेला पैसा ते आपल्या कर्मशाळेत ओतीत आणि तेथे यंत्रांकडून सूर काढण्याचे, यंत्रांना स्वररचना करावयास शिकवण्याचे प्रयोग करीत. पुढच्या पिढ्यांनी ते प्रयोग मोठ्या आदराने अभ्यासले. तंबाखूच्या पैशातून विद्युत्‌संगीताची एक वाट निघाली, ही या आश्रयाची जमेची बाजू होय, आणि ती नाकारणे न्यायाचे होणार नाही.

गीत आणि कंठ

या साऱ्या उभारणीच्या पायाशी एक गृहीतक होते. गीत हे गायकापासून स्वतंत्र असते. ते आज एकाने म्हटले, उद्या दुसऱ्याने म्हटले, तरी त्याची ओळख आणि गोडी तीच राहते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'तील पदे १८८२ पासून किती नटांच्या कंठांतून गेली आणि तरीही ती 'सौभद्रा'चीच राहिली. घरात पियानो आहे, दुकानातून स्वरलिपी विकत आणायची आणि कुटुंबाने मिळून ते गीत गायचे, असा रिवाज होता तोवर अमेरिकेतही हे गृहीतक सत्य होते. एकच गीत एकाच वेळी पाचसहा गायक मुद्रित करीत, आणि 'युअर हिट परेड'ची मोजणी त्या सर्वांची बेरीज गीताच्या खाती जमा करी.

परंतु १९४९ साली आर.सी.ए. व्हिक्टरने मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी छोटी, स्वस्त तबकडी बाजारात आणली, ती किशोरवयीन मुलामुलींच्या खिशाला परवडू लागली, आणि संगीताची मिळकत स्वरलिपीच्या दुकानातून तबकडीच्या दुकानात गेली. तबकडी विकत घेणारा गीत विकत घेत नव्हता, तो विशिष्ट कंठ, विशिष्ट गिटार, विशिष्ट घुमारा विकत घेत होता. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्ली यांच्या 'हाउंड डॉग'ने देश दुमदुमला, तेव्हा नियमाप्रमाणे ते गीत यादीत आले, आणि नियमाप्रमाणेच ते स्नुकी लॅन्सन यांच्या वाट्याला आले. चाळिशी ओलांडलेला, सुस्वर, सभ्य वेशातला हा गायक मेम्फिसचाच होता आणि आपल्या कामात कुशल होता. परंतु ज्या गीताचे सारे बळ गाणाऱ्याच्या आवाजातील रानटी उसळीत होते, ते त्याच्या तोंडी देणे म्हणजे गीताचा आणि गायकाचा, दोघांचाही उपमर्द होता. शब्द तेच, चाल तीच, आणि तरी गीत ते नव्हे, हे दहा-बारा वर्षांच्या मुलालाही कळले.

कार्यक्रमाच्या चालकांनी या बदलाचा अर्थ चुकीचा लावला. १९५७ साली त्यांनी जुनी गायकमंडळी एकजात काढून तरुण चेहरे आणले. १९५८ साली कार्यक्रम सी.बी.एस.कडे गेला, तेथे डोरथी कॉलिन्स पुन्हा आल्या, पण २४ एप्रिल १९५९ रोजी त्याची अखेर झालीच. चेहरे बदलून काही साधण्यासारखे नव्हते, कारण श्रोत्यांना तरुण गायक नको होता, त्यांना मूळ गायक हवा होता. डिक क्लार्क यांचा 'अमेरिकन बँडस्टँड' १९५७ च्या ऑगस्टपासून ए.बी.सी.वरून देशभर दिसू लागला होता. तेथे तबकडीच वाजे, मुले तिच्यावर नाचत आणि गायक आले तर आपल्याच मुद्रित आवाजावर ओठ हलवीत. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने १९५८ साली जी शंभरांची यादी सुरू केली तीही गीतांची नव्हे, तबकड्यांची होती. मोजण्याचे परिमाणच बदलले होते.

ज्याला धनी मिळाला नाही

येथे त्या 'टू यंग' गीताकडे पुन्हा वळले पाहिजे. १९५१ साली ते घरोघरी पोचवले ते नॅट किंग कोल यांच्या तबकडीने. शनिवारी रात्री ते गीत बारा वेळा मानाच्या स्थानी बसले, पण ते गाणारे कंठ गोऱ्या गायक-गायिकांचे होते. गीत गायकापासून वेगळे आहे या तत्त्वाची दुसरी बाजू हीच: कृष्णवर्णीय कलावंताने लोकप्रिय केलेली वस्तू घ्यावी आणि त्याला दाराबाहेर ठेवावे, हे या तत्त्वामुळे कोणालाही न खटकता करता येई. पुढे ५ नोव्हेंबर १९५६ रोजी एन.बी.सी.ने कोल यांच्याच नावाने संगीताचा कार्यक्रम सुरू केला. एला फिट्झजेरल्ड आणि हॅरी बेलाफाँटे यांच्यासारखे कलावंत नाममात्र मोबदल्यात त्यात सामील झाले. प्रेक्षकांचाही तोटा नव्हता. तोटा होता तो राष्ट्रव्यापी प्रायोजकाचा. काही प्रांतांपुरते विक्रेते मिळाले, पण देशभर आपला माल या कार्यक्रमाशी जोडायला कोणतीही मोठी कंपनी धजली नाही, कारण दक्षिणेतील गोरे गिऱ्हाईक बिथरेल ही धास्ती. संस्थेने वर्षभर पदरमोड केली आणि अखेर १७ डिसेंबर १९५७ रोजी शेवटचा कार्यक्रम झाला.

लकी स्ट्राइकने वर्षानुवर्षे पोसलेला कार्यक्रम आणि वर्षभरात पोरका झालेला कोल यांचा कार्यक्रम, हे दोन शेजारी ठेवले म्हणजे प्रायोजित संगीताच्या व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट होते. कोणते गीत गायचे हे लोकांवर सोडण्याची उदारता धनी दाखवू शकत होता. ते कोणी गायचे, हा अधिकार मात्र त्याने हातचा सोडला नाही. १९५९ साली प्रश्नमंजूषांच्या कार्यक्रमांतील लबाडी चव्हाट्यावर आल्यानंतर प्रक्षेपण संस्थांनी कार्यक्रमांचा ताबा प्रायोजकांकडून काढून स्वतःकडे घेण्यास वेग दिला आणि अख्खा कार्यक्रम एका कंपनीच्या नावे असण्याची रीत हळूहळू मोडली. १९६४ साली धूम्रपानाच्या दुष्परिणामांवरील सरकारी अहवाल आला, आणि १९७१ च्या जानेवारीपासून अमेरिकेत नभोवाणी-दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना कायद्याने बंदी झाली. ज्या मालासाठी इतकी सुरेल आरास मांडली गेली होती, तो माल माणसांचे प्राण घेणारा होता, हे सत्य त्या आरासीच्या सौंदर्याबद्दल बोलताना विसरता कामा नये.

कोलंबोमार्गे

या कल्पनेची एक शाखा आपल्याकडेही पोचली, आणि तिच्या रुजण्याला निमित्त झाले ते एका पुणेकरांचे. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे अभिजात संगीताचे कडवे अभिमानी होते. त्यांच्या अंमलात आकाशवाणीवरून चित्रपटगीते नाहीशी झाली, आणि श्रोत्यांनी आपल्या संचांचे काटे रेडिओ सिलोनकडे वळवले. तेथे इंग्रजी गीतांची 'बिनाका हिट परेड' आधीपासून चालत होती. त्याच बिनाका दंतमंजनाच्या पुरस्काराने १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानी यांनी हिंदी 'गीतमाला' सुरू केली. कार्यक्रम मुंबईत मुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. आरंभी सात गीते विनाक्रम वाजवून त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावायचा, अशी बक्षिसाची स्पर्धा असे. पत्रांचा पूर आवरेना, तेव्हा स्पर्धेची जागा क्रमवारीने घेतली.

मात्र एक महत्त्वाचा फरक येथे पहिल्या दिवसापासून होता. गीतमालेत दुसऱ्या कोणी गाऊन दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. लता मंगेशकरांचे गीत म्हणजे त्यांचीच तबकडी, मोहंमद रफींचे गीत म्हणजे रफींचाच कंठ. चित्रपटसंगीताने गीत आणि कंठ यांची गाठ आधीच पक्की बांधली होती, आणि म्हणून अमेरिकेत जेथे मूळ कार्यक्रम अडखळून पडला, ती जागा गीतमालेच्या वाटेत आलीच नाही. ती कित्येक दशके चालली. आकाशवाणीलाही आपले धोरण बदलावे लागले: १९५७ साली विविध भारती निघाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या.

संगीताला आश्रय लागतोच. राजेरजवाड्यांनी तो दिला, देवस्थानांनी दिला, नाटक कंपन्यांच्या तिकिटांनी दिला, तंबाखू आणि दंतमंजन यांनीही दिला. आश्रय घेतला म्हणून कलावंताला कोणी दोष देऊ नये. परंतु प्रत्येक आश्रयदाता गाण्याबरोबर आपली एक मोजणीची वही घेऊन येतो, आणि त्या वहीत ज्याच्यासाठी रकानाच आखलेला नाही तो कितीही मोठा गुणी असला तरी हिशेबात धरला जात नाही. 'युअर हिट परेड'च्या वहीत गीताला रकाना होता, गाणाऱ्याला नव्हता; आणि ज्या कार्यक्रमाने कोल यांच्या गीताला बारा वेळा पहिला मान दिला, त्याच्याच काळात कोल यांना गाण्यासाठी अर्धा तास पुरस्कृत करणारा मिळाला नाही. म्हणून लोकप्रियतेची कोणतीही यादी आपल्यापुढे आली, की पहिल्या क्रमांकावर कोण आहे हे विचारण्याआधी, ही वही कोणाची आणि तिच्यात रकाने कोणते आखले आहेत, हे सुज्ञ श्रोत्याने अवश्य विचारावे.